चौदा कट्टे बिजवाई

भेग दीड मिलिमीटरची होती. सोयाबीनच्या दाण्याला एका बाजूला तपकिरी नाभी असते. तिच्यापासून थोडी खाली, केसाइतकी बारीक आणि सरळ. नुसत्या डोळ्यांना दाणा चांगला दिसत होता: गोल, पिवळा, टपोरा, तुकतुकीत. भिंगाखाली धरल्यावरच ती दिसली. मी दाणा फिरवून पाहिला. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. मग त्याच कट्ट्यातले, म्हणजे पोत्यातले, आणखी वीस दाणे काढले आणि एकेक करून भिंगाखाली धरले. त्यातल्या नऊ दाण्यांना भेग होती.

तो एप्रिलचा तिसरा रविवार होता. भिंग मी कॉलेजातून आणलं होतं. मंगरुळपीरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि आसेगावहून रोज जाऊन-येऊन करते. भिंगाची गरज पडली ती आदल्या दिवशीच्या आकड्यांमुळे.

दर वर्षी एप्रिलमध्ये मी घरच्या बियाण्याची उगवण तपासते. ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उघडून धड कोंब तेवढे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर बी पेरण्याजोगं. आमच्या घरच्या बियाण्याचा आकडा ऐंशीच्या खाली मी कधी लिहिला नव्हता. या वर्षी तीन गुंडाळ्यांत अठ्ठेचाळीस, एक्कावन्न आणि शेहेचाळीस आले. बाकीचे दाणे फुगून बुळबुळीत झाले होते आणि त्यांना आंबूस वास येत होता.

आकडे वहीत लिहिले. बाबांना त्या दिवशी सांगितलं नाही.

माझ्या बाबांचं नाव इंद्रभान. आसेगावातली नऊ घरं पेरणीचं सोयाबीन दर वर्षी आमच्याकडून नेतात आणि काढणीनंतर तेवढ्याच वजनाचं साधं सोयाबीन आणून टाकतात. पाच घरं आमच्या वस्तीतली, बौद्धांची. चार वरच्या गावातली. बाबांच्या लहानपणी धान्य वरून खाली येत असे, मजुरीचं. खालून वर जात नसे. बावीस वर्षांपूर्वी पहिली पेरणी वाया गेली, दुकानात बी उरलं नव्हतं, तेव्हा वरच्या गावातल्या ऋषिकेशचे वडील आमच्या दारात आले आणि दोन कट्टे मागून घेऊन गेले. ते उगवलं. पुढच्या वर्षी वरची आणखी दोन घरं आली. या गोष्टीवर आमच्या घरी कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. बाबा मात्र त्या वर्षापासून बियाण्यासाठी एक तुकडा वेगळा राखू लागले. भेसळ नको म्हणून त्यातली वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडं ते स्वतः उपटून टाकत.

मागच्या जूनमध्ये ऋषिकेश बी न्यायला आला होता. तो तिशीचा आहे, ट्रॅक्टर चालवतो, बोलायला मोकळा. कट्टा ट्रॉलीत टाकताना म्हणाला, "काका, बी तुमचं नंबर एक. पन बिजवाई म्हनायले बाजाराचा ठप्पा लागते. घरचं ते घरचं."

बाकीचे हसले. बाबाही हसले. आई ओट्यावर होती. ती हसली नाही हे मी पाहिलं, कारण तिने लगेच माझ्याकडे पाहिलं होतं.

बिजवाई हा आमच्याकडच्या बाजारातला रोजचा शब्द आहे. सोयाबीनचा माल बाजार समितीत ओतला की व्यापारी त्यातला बियाण्यालायक माल वेगळा काढतात आणि त्याला बिजवाई म्हणतात. बाकीचा तेलाच्या गिरणीला जातो, त्याला मिलचा माल म्हणतात. वर्तमानपत्रात भाव येतात तेव्हा बिजवाईचा भाव निराळा छापलेला असतो.

दिवाळीनंतर बाबांनी ठरवलं की या वर्षीचं राखलेलं बी वाशिमच्या बाजारात न्यायचं.

"विकाचं हाय का?" आईने विचारलं. तिचं नाव भागिरथा.

"नाई."

"मंग बी कायले हिंडवता?"

 बाबांनी सोयाबीन सिमेंटच्या खळ्यावर पाच दिवस कडक उन्हात घातलं. बाजारात ओलावा मोजतात, तो कमी भरला पाहिजे म्हणून. रोज संध्याकाळी दोन दाणे दाताखाली धरत आणि कट असा आवाज आला की मान डोलावत. सोळा कट्टे भरले. भाड्याच्या छोटा हत्ती टेम्पोत चौदाच बसले. दोन कट्टे माळ्याखालच्या लाकडी फळीवर राहिले. शनिवार होता, मला सुट्टी होती. बाबा म्हणाले, "पुनी, तूबी चाल." माझं नाव पौर्णिमा, पण घरी ते कोणी वापरत नाही.

वाशिमला शेडमध्ये आमचा ढीग पडला. हमालांनी कट्टे गाडीवरून खाली टाकले, तोंडं सोडली आणि ओतले. ओलावा आठ पूर्णांक दोन भरला. दहा-बारा व्यापारी ढिगाभोवती आले. एकाने ओंजळभर दाणे वर उडवून झेलले, फुंकर मारली, तळहातावर पसरले आणि मागे न पाहता म्हणाला, "बिजवाई." त्याच्यामागच्या मुनिमाने ते लिहून घेतलं. बोली झाली. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

अडत्या जवळ येऊन म्हणाला, "काका, हिशोबाची पट्टी बनवतो."

"नको. माल वापस नेतो."

"बिजवाई लागली अन् वापस? मंग आनला कायले?"

"ऐकाले."

अडत्या त्यांच्याकडे पाहत राहिला. हमालांत एक सोमला नावाचा म्हातारा होता, पोहरादेवीकडचा, साठी उलटलेला. तो म्हणाला, "ऐकनं फुकट हाय हो. भरनं फुकट नाई. चाला पोट्टेहो, भरा पुन्हा." त्यावर सगळे हसले आणि फावड्यांनी ढीग भरायला लागले.

भरणं चालू असताना मी सोमलाला विचारलं, "बिजवाई कशाला म्हणतात, काका?"

"डोळ्याले बरं दिसते त्याले."

"आणि उगवलं नाही तर?"

"थे पायते ज्याच्या वावरात नाई उगवलं तो. आमी पोतं पायतो."

"हा शब्द इथलाच का?"

त्याने पोती उचलायचा लोखंडी आकडा खांद्यावर टाकला. "म्या इथं आलो तवा ज्वारी अन् कापूस राहे. हे सोयाबीन मांगून आलं. मंग इंदूरकडले व्यापारी येत, थे म्हनत बिजवाई, बिजवाई. तवापासून आमीबी म्हनतो."

शेजारचा मुनीम वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, "काईच्या काई सांगू नको. माह्या आजाच्या दुकानातबी म्हनत हा सबद. तवा सोयाबीनचं नावबी नोतं."

"मंग तुह्या आजाले इचार म्हना पोरीले," सोमला म्हणाला.

मी ते तेवढ्यावरच सोडलं. परतीच्या वाटेवर बाबा गाडीत पुढे बसले होते. एकदाच बोलले. "तीन शेडमंदी आज आपलाच एक ढीग बिजवाई लागला, पायलं का?" मी पाहिलं होतं. संध्याकाळच्या आत ही बातमी गावात पोचली होती.

मग हिवाळा गेला आणि एप्रिल आला.

आकडे आल्यानंतर तीन दिवसांनी मी बाबांना सांगितलं. दुपारची वेळ होती. आई ओट्यावर डाळ निवडत होती.

"बाबा, उगवण अठ्ठेचाळीस आली."

"कायची?"

"आपल्या बियाची. शंभरातले अठ्ठेचाळीस."

 "गोनपाटाले युरिया लागला असन."

"नवीन होतं. तीन वेळा केलं."

"पानी जास्त झालं असन."

आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "पोरगी बारावीच्या पोराईले हेच शिकवते. अन् तुमी तिले पानी शिकवा."

बाबांनी स्वतः पुन्हा चाचणी लावली. माझ्या गोणपाटावर विश्वास नव्हता म्हणून स्वतःच्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला. शंभर दाणे मांडायला त्यांना पाऊण तास लागला, कारण प्रत्येक दाणा ते निवडून ठेवत होते. मी त्यांना थांबवून सांगितलं. निवडायचं नाही, हाताला येईल तो घ्यायचा. त्यांनी सगळे दाणे परत टाकले आणि डोळे मिटून मूठ भरली. सातव्या दिवशी चव्वेचाळीस आले. त्यांनी दोनदा मोजलं.

"मंग सांगा लागते," ते म्हणाले.

"हो."

"पोर्निमेले विहारात सगळे येतेच. तवा सांगतो."

या वेळेपर्यंत मला कारण साधारण कळलं होतं. पण खात्री करायची होती. माळ्याखाली राहिलेल्या दोन कट्ट्यांतले शंभर दाणे मी लावले. त्र्याऐंशी आले. मग दोन्हीकडचे शंभर-शंभर दाणे कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. फेरिक क्लोराईडच्या द्रावणात दाणे ठेवले की ज्यांचं टरफल फाटलेलं असतं ते पंधरा मिनिटांत काळे पडतात. घरच्या कट्ट्यातले सात काळे पडले. बाजारात जाऊन आलेल्यांतले एक्केचाळीस.

एकाच तुकड्यातलं बी, एकाच दिवशी काढलेलं, एकाच खळ्यावर वाळवलेलं. फरक फक्त प्रवासाचा होता. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. दाणा जितका कोरडा तितका तो आपटल्यावर तडकतो, आणि आमचा दाणा बाजारासाठी मुद्दाम कोरडा केलेला होता. कट्टा घरातून गाडीत पडला, गाडीतून शेडमध्ये पडला, दाणे ओतले गेले, फावड्याने भरले गेले, पुन्हा गाडीत, पुन्हा घरात. वाशिमला उभी होते तेव्हा मी मोजलं नव्हतं. आता आठवून मोजलं तर सहा वेळा.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे दिसते चांगलं," ते म्हणाले, "अन् अंदरून गेलं."

"हो."

"पन बाजारात त बिजवाईच लागली."

"व्यापारी बोलला तेव्हा दाणे ढिगात आपटून झाले होते, बाबा. निम्मं नुकसान तेव्हाच झालं असणार. त्याला भेग दिसली नाही."

"दाट पेरा म्हनलं त? दुप्पट टाका म्हनतो."

"दुप्पट द्यायला आपल्याकडे बी नाही. आणि पेरल्यावर जोराचा पाऊस आला तर भेगेतून पाणी एकदम आत शिरेल. आत्ता उगवतात तेही कुजतील."

बाबांनी गोठ्याकडे पाहिलं. गोठ्यात काही नव्हतं. बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली होती.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटली गेली. आमच्या वस्तीतली पाचही घरं तिथे होती. बाबा पहिल्या रांगेत बसले, खीर वाढायला मदत केली, सगळ्यांशी बोलले. घरी आल्यावर आईने फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

"सनाच्या दिवशी कायले," ते म्हणाले. "अन् वरचे चार घरं त तठी नोतेच. सगळ्याईले एकाच वेळी सांगा लागते."

बी वाटायचा दिवस त्यांनी नेहमीप्रमाणे आधीच ठरवून दिला होता, जूनचा पहिला रविवार. वीस दिवस उरले होते. नऊ घरांचं मिळून बावीस एकर सोयाबीन होतं. त्यांच्यापैकी कोणीही दुकानातून बी घेऊन ठेवलेलं नव्हतं, कारण आमच्याकडचं येणार हे धरलेलं होतं. माळ्याखालच्या दोन कट्ट्यांत फार तर तीन एकर निघाले असते. आणि आमचं बी कोणी तपासून नेत नसे. दुसऱ्याने दिलेल्या बियाण्याची चाचणी लावणं म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास, असं गावात मानतात. तपासायचं ते देणाऱ्याने.

मंगरुळपीरला मी एका बियाण्याच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, या जातीच्या पिशव्या सरत आल्या, तुम्हाला लागतील तेवढ्या दोन जूनपर्यंत ठेवतो, पुढे नाही. त्याने चिठ्ठीवर आकडा आणि फोन लिहून दिला. चिठ्ठी मी वहीत ठेवली.

मी स्वतः नऊ घरी जाऊन सांगू शकत होते. नऊ घरं फिरायला एक संध्याकाळ पुरली असती. पण बी बाबांच्या नावाचं होतं, तेव्हा सांगायचं ते त्यांनीच, असं मी धरून चालले. त्यात माझी सोयही होती, हे मला कळत होतं.

दुसरी एक गोष्ट मी त्या दिवसांत करत होते, जिचा तसा उपयोग नव्हता. बिजवाई हा शब्द कुठून आला ते शोधत होते. कॉलेजच्या ग्रंथालयात दोन कोश आहेत. त्यांत मला तो मिळाला नाही. हिंदी शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, बीजपासून झाला असेल, पुढचं सांगता येत नाही. सोमलाचं आणि मुनिमाचं जुळत नव्हतं. मग मी प्रयागबाईंकडे गेले.

प्रयागबाई आमच्या वस्तीत राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. एक एकर वावर आहे, त्या एकराला बी आमच्याकडून नेतात आणि वाटपाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. त्या दारात आंब्याच्या फोडी चिरत होत्या.

"काय वं मास्तरीन, आज इकडं कसं काय?"

"काकू, बिजवाई म्हणजे काय?"

"एवढी शिकली अन् हे मले इचारून राह्यली?"

"जुन्या काळी काय म्हणत ते सांगा."

त्यांनी विळीवरून हात उचलला नाही. "आमच्या टायमाले ज्वारी. कापनीच्या आंदी बायका वावरात जात, चांगले चांगले कनसं निवडून आनत. त्याची जुडी बांधे माही सासू अन् चुलीवर टांगे. धूर लागे म्हनून कीड नोती लागत. पेरनीपरेंत कोनी हात लावत नोतं. थे बिजवाई."

"आणि बाकीची ज्वारी?"

"बाकीची खळ्यावर. बैलाच्या पायाखाली. थे खायाची, इकाची, मजुरीची. थे कुठंबी जाये."

"बिजवाई विकत नसत?"

"इकनं कायचं? घराच्या बाहीर गेली त थे बिजवाई राह्यली कुठी?" त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. "भूक लागली तरी नाई काढत. माह्या सासूनं एका साली आमाले आंबाडी खाऊ घातली, पन वरती हात नाई लावू देला. आमी लेकरं रडो. थे म्हने, रडा."

"हा शब्द तेव्हाही होता?"

"मंग काय म्या आता बनवला?"

मी त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेतलं. शब्दाचं मूळ हेच आहे असं मी म्हणणार नाही. एका बाईच्या आठवणीवरून तसं म्हणता येत नाही, आणि मुनिमाचा आजा हयात नाही. पण माझ्या टेबलावर दोन काचेच्या बशा होत्या, एकीत सात काळे दाणे आणि दुसरीत एक्केचाळीस. त्यांच्याशी हे जुळत होतं.

जेवताना मी बाबांना प्रयागबाईंचं बोलणं सांगितलं. ते जेवायचे थांबले नाहीत.

"चुलीवर टांगत म्हने?"

"हो."

"माह्या मायनंबी टांगेल होतं," ते म्हणाले. "म्या पायलं हाय. मले वाटे थे शोभेसाठी हाय."

आई म्हणाली, "मीबी म्हनलं होतं, बी कायले हिंडवता."

"म्हनलं होतं."

हात धुऊन ते माळ्याखाली गेले आणि फळीवरच्या दोन कट्ट्यांजवळ थोडा वेळ उभे राहिले. मग पडवीत रचलेल्या चौदांकडे आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा एक चाचणी लावली. ही त्यांची स्वतःची दुसरी.  आकडा बदलणार नव्हता आणि ते त्यांनाही माहीत होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी, एक तारखेला, सकाळी आठपर्यंत सगळे आले. प्रयागबाई टोपलं घेऊन ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. ऋषिकेश ट्रॅक्टर घेऊन आला होता, ट्रॉलीत वरच्या चारही घरांची रिकामी पोती होती. वस्तीतले लोक भिंतीला टेकून उभे होते. आईने चहा दिला. पावसाचं बोलणं झालं, कोणाचा मोबाईल काय अंदाज सांगतो त्यावर थोडी थट्टा झाली.

दर वर्षीची रीत अशी की पहिला कट्टा बाबा सोडतात आणि पहिली मूठ स्वतः घेणाऱ्याच्या पोत्यात टाकतात. बाबांनी कट्टा सोडला. मूठ मात्र भरली नाही.

ऋषिकेशने वाकून दोन दाणे उचलले आणि दाताखाली धरले. कट.

"याले म्हनते बिजवाई," तो म्हणाला. "वाशिमले लागली त आमच्या भाच्यानं तठूनच फोन केला होता मले. काका, मांगच्या साली म्या गमतीत बोललो होतो. तुमी त मनावरच घेतलं."

"घेतलं," बाबा म्हणाले.

प्रयागबाईंनी मान वळवली. "इंद्रभान, हे बाजारात नेलं होतं का रे तुनं?"

"नेलं होतं, काकू."

"सगळं?"

"दोन कट्टे घरी राह्यले."

 प्रयागबाईंनी मांडीवरचं टोपलं काढून खाली ठेवलं. ऋषिकेश हसत म्हणाला, "काकू, बाजारात नेलं म्हून त ठप्पा लागला. चाला काका, मूठ टाका, ऊन चढून राह्यलं." त्याने आपल्या पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

आई घरात गेली आणि धोतराच्या तुकड्याची ओली गुंडाळी घेऊन आली. आदल्या दिवशी चाचणीचा सातवा दिवस होता. बाबांनी मोजून ती पुन्हा तशीच गुंडाळून ठेवली होती. आईने ती सोडलेल्या कट्ट्याशेजारी ओट्यावर ठेवली आणि बाजूला झाली.

बाबांनी गुंडाळी उलगडली. हळूहळू, एकेक ओळ दिसेल अशी. वास आला. वस्तीतले दोघे-तिघे पुढे झाले. ऋषिकेश पोतं धरून तसाच वाकला आणि ओठातल्या ओठात मोजायला लागला. चौथ्या ओळीला थांबला.

"हे कोनतं बी हाय?"

"हेच," बाबांनी कट्ट्यावर हात ठेवला. "त्रेचाळीस उगवले. पुनीनं एप्रिलातच सांगतलं होतं मले. चाचनी पाच डाव झाली."

 ऋषिकेशच्या हातातल्या पोत्याचं तोंड मिटलं. मी वहीतून दुकानदाराची चिठ्ठी काढून हातात धरली.

बाबा उभे राहिले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, वरच्यांकडे आणि वस्तीतल्यांकडे, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "म्या बाजारात नेलं, सहा डाव आपटलं, तठीच मेलं. थे दोन कट्टे सोडून हे बी औंदा कोनाच्याच वावरात जानार नाई."